दुसऱ्यांदा न मारलेलं पाणी

९ ऑक्टोबर

खांबा,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची माझी सवय तुला ठाऊक आहे. आज तो लिहायला घेतला आणि हात थांबला. म्हणून नुसता नमस्कार. तू वयाने लहान आहेस, तरी नमस्कारच.

तुझा पत्ता तुझ्या थोरल्या भावाकडून मिळवला. फोनवर आधी त्याने ओळख दिली नाही. मग म्हणाला, तो तुमच्याशी बोलणार नाही, पण पत्र आलं तर फाडणारही नाही. एवढ्या भरवशावर लिहितो आहे.

तू गेलास त्याला पाच आठवडे झाले. तुझ्या कपाटात बुटावर चढवायचा डाव्या पायाचा जुना किकर राहिला आहे, तू सायकलच्या ट्यूबने बांधलेला. आपला धाकटा गोलरक्षक बगळा तो फेकायला निघाला होता. मी काढून घेतला आणि पंपाच्या खोलीत ठेवला. तुला हवा असेल तर पाठवतो.

परवा नव्या खेळाडूंपैकी एकाने विचारलं, हा खांब खांब म्हणतात तो कोण? बगळा म्हणाला, सगळ्यांच्या गोलाला दोन खांब असतात, आपल्या गोलाला अकरा वर्षं तीन होते. सगळे हसले. मी टर्फच्या नकली गवतावरची पानं वेचत होतो, वेचत राहिलो.

हॉकीचा हंगाम सुरू झाला. तीन सामने झाले, एक जिंकला, दोन बरोबरीत सुटले. गोलात आमचे जावई उभे राहतात. हंगामाला दोनच गोलरक्षक ठेवायचे असं संघ चालवणाऱ्या कारखान्याने ठरवलं, बगळ्याचं वय कमी म्हणून त्याची जागा पक्की झाली, आणि तुमच्या दोघांतला एक जाणार हे तुम्हा दोघांनाही माहीत होतं. कसोटी सगळ्यांसमोर झाली. प्रत्येकाला चाळीस चेंडू, मारणारे तेच पाच जण. आकडे फळ्यावर लिहिले गेले. तू सव्वीस अडवलेस, जावयांनी एकतीस. आकड्यांशी कोण भांडणार? निर्णय कोचचा होता. मी तर नुसता कडेला उभा होतो.

तुझ्या काकू विचारतात, खांब जाताना जेवायलासुद्धा कसा आला नाही. मी म्हटलं, त्याला घाई होती.

मास्तर


६ नोव्हेंबर

खांबा,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती असं लिहिणार होतो, पण रोज फाटकापाशी टपालवाल्याची वाट बघतो, तेव्हा ते खोटं ठरेल.

इकडची हकिगत बरी नाही. सात सामने आणि चौदा गोल खाल्ले. त्यातले पाच असे की तू पाठमोरा असतास तरी अडवले असतेस. गेल्या आठवड्यात पेनल्टी कॉर्नरवर चेंडू सरळ जावयांच्या पॅडवर आला, पॅडवरून घसरला आणि दोन पायांच्या मधून आत गेला, जसं काही घर त्याच्या ओळखीचं होतं.

कोचना आता रोज नवा विचार सुचतो. एका सामन्यात पहिली दोन सत्रं जावई, पुढची दोन बगळा. पुढच्या सामन्यात उलट. मागच्या शनिवारी तर सत्रागणिक बदल केला. पैलवान बचावात खेळतो, तो मला म्हणाला, “मास्तर, मागे कोण उभं आहे हे बघायला मला मान वळवावी लागते, तेवढ्यात पुढचा निघून जातो.” खरी अडचण हीच आहे. तू गोलात सामनाभर बडबडायचास. डावीकडे सरक, अकरा नंबर मोकळा आहे, पैलवाना झोपलास का. आम्हाला वाटायचं, काय हे तोंड. आता कळतं, मागच्या चौघांचे डोळे तुझ्या तोंडात होते. जावई एक शब्द बोलत नाहीत. पूर्वी सरावात बोलायचे, आता तेही नाही.

खेळाडूंच्या जिभेला मात्र हाड उरलेलं नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह ही म्हण कोणीतरी उकरून काढली, तेव्हापासून गोल झाला की राखीव खेळाडूंच्या बाकावरून आवाज येतो, आज ग्रह वक्री आहे. मला म्हणतात, मास्तर, गोलरक्षकांना तुम्हीच शिकवता, तुम्ही ओरडा ना त्यांच्यावर, खांबाला तर उभा सोलायचात. आता मुलीच्या नवऱ्यावर मी कसा ओरडणार? परवा सरावात मी म्हटलं, “अहो, जरा दोन पावलं पुढे येता का?” आणि सगळं मैदान खो खो हसलं. जावईसुद्धा हेल्मेटच्या जाळीतून हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

सकाळी टर्फवर पाणी मारतो तेव्हा तुझी आठवण येते. पहिल्या फवाऱ्यात हात ओले करून ते तोंडावर फिरवणारा तू एकटाच होतास. कसोटीच्या दिवशी ऊन फार होतं, नाही का? सप्टेंबरात एवढं ऊन मी पाहिलं नव्हतं. हे मी का लिहिलं कुणास ठाऊक.

मास्तर


१८ डिसेंबर

खांबा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन फाडली, कारण दोन्हींत मी सगळा दोष उन्हावर ढकलत होतो.

रविवारी मुलगी आली होती. स्वयंपाकघरात आईपाशी बसली, पण बोलत होती माझ्याशी. म्हणाली, ते जेवताना मध्येच थांबतात. घरात कोणी दार लोटलं तरी दचकतात. सामन्याच्या आदल्या दिवशी गणवेश इस्त्री करून ठेवतात आणि सकाळी म्हणतात, पोटात दुखतंय. मग ती म्हणाली, “बाबा, तुम्ही कोचना सांगून त्यांना बाहेर बसवा. आम्ही दुसऱ्या गावी जाऊ. पण हे थांबवा.”

ज्या एका गोष्टीच्या भीतीने मी सगळं केलं, तीच ती मागत होती.

आता सांगतो. तुला माहीत आहे, पण तुला माहीत आहे म्हणून मी न सांगणं याचा अर्थ वेगळा होतो.

दर फेरीआधी पाणी, हा नियम माझा. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर तो मीच तेलरंगाने लिहिला आहे. ओल्या टर्फवर चेंडू काचेवरून यावा तसा येतो, वाळल्यावर तो जड होतो, गोलरक्षकाला एक श्वास जास्त मिळतो. एवढा फरक लहान पोरांनाही कळतो. कसोटीत पहिला मान तुझा, कारण तू थोरला. तुझ्या आधी मी आठ मिनिटं पाणी दिलं. टर्फ चमकत होतं. मग तुझे चाळीस चेंडू झाले, मारणाऱ्यांनी विश्रांती घेतली, सदरे बदलले. पाऊण तास गेला. मी पंपाच्या खोलीत गेलो. झडपेवर हात ठेवला. समोर भिंतीवर माझंच अक्षर होतं. ते वाचलं आणि बाहेर आलो.

कोचनी विचारलं, “मास्तर, पाणी?”

मी म्हटलं, “ओल आहे अजून.”

तू कडेला बसून पॅडचे पट्टे सोडत होतास. तू हातमोजा काढलास, तळवा टर्फवर टेकवलास आणि उलटा करून पाहिलास. कोरडा होता. मग माझ्याकडे पाहिलंस. मी फळ्याकडे बघत होतो. तिथे अजून काही लिहिलेलं नव्हतं, तरी बघत होतो.

तू तेव्हाच तोंड उघडलं असतंस तर मी काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. मी तुला खोटं पाडलं असतं, खांबा. वय झालं की मैदानाला दोष द्यायचा, असं काहीतरी म्हटलं असतं. मला मी ओळखतो. तू गप्प राहिलास, त्याने मी या एका पापातून वाचलो.

मुलगी दोन गल्ल्या सोडून राहते. सकाळी कामावर जाताना मी तिच्या दारावरून जातो, ती खिडकीतून हात करते. जावयांची जागा गेली असती तर ते तिला घेऊन दूर गेले असते. एवढंच. याहून मोठं कारण सापडतं का ते शोधून पाहिलं, सापडलं नाही. मी चोरी केली नाही, फक्त एक झडप फिरवली नाही, असं तीन महिने मनाला समजावलं. गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, न केलेल्या कामाचाही हिशेब द्यावा लागतो. तेव्हा वाटायचं, वर्ग न झाडणाऱ्यांना उद्देशून म्हणताहेत.

सकाळी देवापुढे बसतो. हात जोडले जातात, पुढे शब्द येत नाही. त्याला काय सांगायचं, तो तर तिथेच होता.

मास्तर


२२ जानेवारी

खांबा,

सगळं सांगून टाकलं. कोणत्या क्रमाने, ते लिहितो.

आधी जावयांना सांगायचं ठरवलं, कारण उपकार म्हणून मी जे दिलं ते त्यांच्या हातातून परत घ्यायचं होतं. सामानाच्या खोलीत गेलो. ते वाळत घातलेल्या पॅडचे पट्टे तपासत होते. मी दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाले, “मला पहिल्या चेंडूलाच कळलं होतं.”

मी म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाहीत.

“तुम्ही सासरे. सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडू?” त्यांनी पट्टा खाली ठेवला. “आणि खरं सांगायचं तर मला जागा हवी होती. तुम्ही दिलीत, मी घेतली. तेव्हापासून चेंडू सुटला की वाटतं, हा माझ्याकडे येतच नाहीये, खांबाकडे येतोय. मी मध्ये उभा आहे.”

चार महिने हा माणूस माझ्या समोर बसून जेवला, मला वाढलं, माझ्या पाया पडला, आणि माझं पाप माझ्याइतकंच जपून ठेवलं. मला वाटत होतं मी एकट्याने खड्डा खणला. मी मुलीच्या नवऱ्याला सोबत घेऊन उतरलो होतो.

त्याच दुपारी आम्ही दोघे कोचकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, मला सांगून काय उपयोग, संघाला सांगा. तेव्हा सरावाआधी सगळ्यांना मैदानाच्या मध्यावर बसवलं आणि मी उभं राहून सांगितलं.

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर सोपं गेलं असतं. मग पैलवान जावयांकडे बघून म्हणाला, “म्हणजे आम्ही याला घातलेल्या शिव्या मास्तरांच्या होत्या.” पुढे मला म्हणाला, “मास्तर, तुम्ही खांबाला घरचा म्हणायचात.” एवढंच म्हणाला. बगळा, जो कधी गप्प बसत नाही, तो बुटाची नाडी सोडून परत बांधत होता.

दुसऱ्या दिवसापासून गोलरक्षकांचं शिकवणं माझ्याकडून काढून घेतलं. मैदानाचं काम राहिलं आहे. कोच म्हणाले, तेही काढलं असतं, पण दुसरा कोणी ते नीट करत नाही. ते हे मला बरं वाटावं म्हणून बोलले नाहीत, आणि मला बरं वाटलंही नाही.

तुझ्या काकूंना घरी येऊन सांगितलं. त्यांनी ताट वाढलं, समोर ठेवलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, त्याला घाई होती म्हणालात तुम्ही.

कोच तुला लिहिणार आहेत. पुन्हा कसोटी घ्यायची, मार्चच्या पहिल्या रविवारी. जो जिंकेल तो उरलेल्या हंगामात उभा राहील आणि पुढच्याही.

मास्तर


१२ फेब्रुवारी

खांबा,

तुझ्या भावाकडून कळलं की कोचचं पत्र तुला पोचलं आणि तू ते दोनदा वाचून खिशात ठेवलंस. तिथल्या संघात तू दर रविवारी खेळतोस हेही त्याने सांगितलं. तेवढ्याने मला झोप लागली.

ये, असं सांगण्याचा मला अधिकार नाही. फक्त व्यवस्था कळवतो. पाणी मी मारणार नाही. कारखान्याच्या बागेचा माळी मारेल. त्याला गेले दहा दिवस मी शिकवतो आहे, कुठे किती, वारा असला तर नळी कशी धरायची. कसोटीच्या दिवशी मी पंपाच्या खोलीपाशीही नसेन. वर पायऱ्यांवर शेवटच्या रांगेत बसेन, किंवा तू म्हणशील तर फाटकाबाहेर.

जावयांनी निरोप दिला आहे. ते म्हणतात, या, नाहीतर मी आयुष्यभर तुमच्या जागेत भाड्याने राहीन.

मास्तर


५ मार्च

खांबा,

तू आलास. बसमधून उतरून थेट मैदानात गेलास, फाटकावरच्या माणसालाही भेटला नाहीस, म्हणून तुझा डबा तिथेच राहिला. काकूंनी भल्या पहाटे उठून केला होता.

मी शेवटच्या रांगेत होतो. या वेळी नाणं उडवलं आणि जावई आधी उभे राहिले. त्यांच्याआधी पाणी, तुझ्याआधी पाणी, दोन्ही वेळा घड्याळ लावून आठ मिनिटं. जावयांनी एकोणतीस अडवले. मग तू उभा राहिलास. पहिले बारा चेंडू तू असे अडवलेस की पैलवान उठून उभा राहिला. मला वाटलं, झालं. मला वाटलं, देव आहे. मग उजवीकडचे दोन गेले, मग एक उंच गेला, मग आणखी सहा सुटले, आणि शेवटच्या दहात तू चार सोडलेस. सत्तावीस. दोनने.

जावई हेल्मेट न काढताच खाली बसले. तू त्यांच्यापाशी गेलास, खांद्याला धरून उठवलंस आणि कानात काही बोललास. ते काय होतं, ते मुलीकडून मला समजलं: आता ओरडत जा, मागून आवाज नसला की पुढचे आंधळे होतात. काल त्यांचा आवाज पंपाच्या खोलीपर्यंत येत होता. आम्ही तीन-एकने जिंकलो.

लोक मला समजावतात. म्हणतात, मास्तर, बघा, पाणी मारलं असतं तरी निकाल तोच लागला असता, उगाच जिवाला लावून घेतलंत. कोचही तसंच म्हणाले. मी मान हलवतो, पण मला ते पटत नाही. सप्टेंबरातला तू वेगळा होतास. तेव्हा तू रोज सरावात दोनशे चेंडू अंगावर घेत होतास. नंतर सहा महिने तू तुझ्या भावाच्या कारखान्यात लोखंडाचे पत्रे कापलेस आणि रविवारी खेळलास. त्या दिवशी टर्फ ओलं असतं तर काय झालं असतं, हे आता कोणालाच कळणार नाही. तू जिंकला असतास तर ती जागा तुझी होती. हरला असतास तर ती हार तरी तुझी होती, तू ती घेऊन ताठ मानेने, जेवून, निरोप घेऊन गेला असतास. मी यातलं नक्की काय घेतलं तेही मला सांगता येत नाही, म्हणून ते परतही करता येत नाही.

तू निघालास तेव्हा मी पायऱ्या उतरून खाली आलो होतो. पाया पडायचं मनात होतं. वय आडवं आलं, की अहंकार, कुणास ठाऊक. तू माझ्यासमोर थांबलास. अकरा वर्षांत तुझा चेहरा मी हेल्मेटच्या जाळीतूनच जास्त पाहिला. उघडा चेहरा इतक्या जवळून पाहून मला डोळे कुठे ठेवावेत ते कळेना.

तू विचारलंस, “आज पाणी कोणी मारलं?”

मी म्हटलं, माळ्याने.

“छान मारलं होतं,” म्हणालास, आणि फाटकाकडे गेलास.

त्यात टोमणा होता का, हे मी दोन दिवस तपासून पाहिलं. नव्हता. चांगला गोलरक्षक मैदान राखणाऱ्याला खेळ संपल्यावर देतो तशी दाद होती ती. अकरा वर्षं तू ती दर सामन्यानंतर मला देत होतास आणि मी हूं म्हणून नळी गुंडाळायला लागायचो. या वेळी ती माझी नव्हती. म्हणून काल सकाळी बागेत गेलो आणि माळ्याला सांगितलं, खांब म्हणाला, पाणी छान मारलं होतं. तो वाकून वाफा भिजवत होता. सरळ झाला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, असं म्हणाले? पुन्हा एकदा सांगा ना.

मी पुन्हा एकदा सांगितलं.

मास्तर